पेडल स्टीलचा पिकअप : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या सदराकडे येणारी पत्रे बहुधा मायक्रोफोन, ॲम्प्लिफायर किंवा सभागृहातील ध्वनिव्यवस्थेविषयी असतात. या वेळी मात्र सहा पत्रे पेडल स्टील गिटारच्या पिकअपभोवती, म्हणजे तारेचे कंपन विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागाभोवती, फिरणारी आली. पायांवर उभे असलेले हे वाद्य तारांवर पोलादी बार सरकवून वाजवतात आणि पेडल दाबून तारांचे सूर बदलतात. हे वाद्य आपल्याकडे फारसे दिसत नाही, तरी त्याच्या पिकअपविषयी इतक्या बारकाईने विचारणारे वाचक आहेत याचा मनापासून आनंद झाला, म्हणून हे सदर पूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे. प्रत्येक पत्राचा गाभा उत्तराआधी दिला आहे.

प्रश्न : मी गेली अनेक वर्षे मांडीवर ठेवून हवाइयन गिटार वाजवतो. पेडल स्टीलचे वादन ऐकताना त्या वाद्याची आस, म्हणजे छेडलेला सूर टिकून राहणे, फार लांब वाटते. हा फरक पिकअपचा आहे की वाद्याचा? आणि त्याचा पिकअप आमच्या पिकअपपेक्षा खरोखर वेगळा असतो का? (वाचक, दादर, मुंबई)

फरक दोन्हींचा आहे, पण मोठा वाटा वाद्याचा आणि वादकाच्या उजव्या पायाचा आहे. पिकअप तारेत नसलेले काही निर्माण करू शकत नाही. चुंबकामुळे पोलादी तार स्वतः किंचित चुंबकित होते, ती हलली की पिकअपमधल्या बारीक तारेच्या वेटोळ्यातून जाणारा चुंबकीय प्रवाह बदलतो आणि त्या बदलाच्या वेगाच्या प्रमाणात विद्युतदाब वेटोळ्याच्या दोन टोकांमध्ये निर्माण होतो. फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेले हेच तत्त्व आजही प्रत्येक चुंबकीय पिकअपमध्ये काम करते.

तुमच्या वाद्याचा या इतिहासातील मान मोठा आहे. विजेवरची गिटार म्हटली की आज उभ्याने वाजवणारा वादक डोळ्यांपुढे येतो. परंतु व्यापारी यश मिळवणारी पहिली विजेवरची गिटार ही मांडीवर ठेवून वाजवायची स्टील गिटारच होती. जॉर्ज बीचम यांनी रचलेला आणि रिकेनबॅकर यांच्या लॉस एंजेलिसच्या कारखान्यातून १९३२ साली बाहेर पडलेला तो पिकअप नालेच्या आकाराच्या दोन चुंबकांचा होता व तारा त्या नालांच्या पोकळीतून जात असत. त्याचे पेटंट ऑगस्ट १९३७ मध्ये मिळाले. आपल्याकडे व्हॅन शिप्ले यांच्या तबकड्यांवर विजेवरच्या हवाइयन गिटारचा जो सूर ऐकू येतो, तो याच कुळातला आहे.

पुढे याच वाद्याला पाय फुटले आणि पेडल जोडले गेले. पॉल बिग्जबी यांनी १९४८ साली स्पीडी वेस्ट या वादकासाठी पेडलचे वाद्य बनवले आणि पिकअपही स्वतःच घडवले. बड आयझॅक्स यांनी १९५३ साली मुद्रित झालेल्या व पुढच्या वर्षी गाजलेल्या एका नॅशव्हिलच्या गीतात एक तार स्थिर ठेवून दुसरी पेडलने चढवली. आपण जिला मीड म्हणतो ती अशा रीतीने एका सुरसमूहाच्या पोटात घडू लागली आणि त्यानंतर या वाद्याची भाषाच बदलली.

आता आस. पेडल स्टीलचा वादक तार छेडतो तेव्हा त्याचे व्हॉल्यूम पेडल, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारे वेगळे पेडल, अर्धवटच उघडलेले असते. तार क्षीण होऊ लागली की तो पाय हळूहळू दाबतो आणि ऐकणाऱ्याला सूर तसाच टिकून राहिल्याचा भास होतो. याचा परिणाम थेट पिकअपच्या रचनेवर होतो. सुराच्या शेपटाशी तारेचा संकेत अगदी दुबळा असतो, पण पेडल मात्र पूर्ण उघडलेले असते. म्हणजे जी गुणगुण किंवा सरसर पिकअपने पकडली असेल ती नेमकी त्याच क्षणी सर्वाधिक ऐकू येते. म्हणून या पिकअपला जोरदार आणि तरीही स्वच्छ संकेत द्यावा लागतो.

दुसरा फरक ताणाचा आणि मांडणीचा आहे. ई-नाइन या तारा जुळवण्याच्या प्रचलित पद्धतीत दहा तारा असतात, त्या सर्व एका सपाट पातळीत असतात आणि त्यांतली सर्वांत बारीक तार इंचाच्या अकरा सहस्रांश जाडीची असते. पिकअप ब्रिजच्या, म्हणजे घोडीच्या, अगदी जवळ बसवलेला असतो, जिथे तारेचा आवाज मुळातच कडक असतो. साध्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या पिकअपचा रोध (रेझिस्टन्स) सुमारे ६ किलोओहम भरतो, तर पेडल स्टीलचे एकेरी वेटोळ्याचे पिकअप साधारण १५ ते २० किलोओहमच्या घरात आढळतात. वेढे वाढले की संकेत वाढतो आणि टोकदारपणा कमी होऊन आवाज भरीव होतो. मात्र तारा पेडलने ताणल्या जात असल्यामुळे त्या बोटाने खेचलेल्या गिटारच्या तारेसारख्या आडव्या सरकत नाहीत, त्यामुळे प्रत्येक तारेखाली सुटा खांब असो की सगळ्यांखाली एकच सलग पट्टी असो, मीड घेताना आवाज मध्येच गळत नाही. पिकअप घडवणाऱ्याला हे वाद्य देते ती ही एक मोठी सवलत आहे.

प्रश्न : माझे मोटर रिवाइंडिंगचे दुकान आहे. एका ग्राहकाने पेडल स्टीलचा तुटलेला पिकअप आणून दिला आणि ४२ नंबरची तार वापरायला सांगितले. माझ्याकडे ४२ नंबरची तार आहे, पण निम्म्याहून कमी वेढ्यांत बॉबिन (तार गुंडाळायचे रीळ) भरले. चूक कुठे झाली? (वाचक, इचलकरंजी)

चूक तुमच्या हाताची नाही, नंबराची आहे. पिकअपच्या जगात ४२ नंबर म्हणजे अमेरिकन गेज आणि त्या तारेचे तांबे सुमारे ०.०६३ मिलिमीटर व्यासाचे असते. आपल्या रिवाइंडिंगच्या बाजारात नंबर म्हटला की तो बहुधा ब्रिटिश एसडब्ल्यूजी (स्टँडर्ड वायर गेज) असतो आणि त्या मापात ४२ नंबरची तार ०.१०२ मिलिमीटरची भरते. व्यासातला हा फरक डोळ्यांना क्षुल्लक वाटला तरी छेदाचे क्षेत्रफळ अडीचपटीहून अधिक होते, म्हणून तेवढ्याच जागेत निम्म्याहून कमी वेढे मावले. तुम्हाला हवी असलेली जाडी एसडब्ल्यूजीच्या ४६ नंबराजवळ, म्हणजे ०.०६१ मिलिमीटरला येते. अमेरिकन ४४ नंबर हवा असेल तर एसडब्ल्यूजी ४७ जवळचा आहे. दुकानदाराला नंबर न सांगता उघड्या तांब्याचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगावा आणि आणलेली तार मायक्रोमीटरने तपासावी, म्हणजे हा घोटाळा टळेल.

पुढच्या वेळी जुने वेटोळे कापून टाकण्याआधी काही गोष्टी करून घ्या. बहुतेक तुटलेल्या पिकअपमध्ये वेटोळे आतून शाबूत असते. तार तुटते ती सुरुवातीच्या टोकाशी किंवा बाहेरच्या वायरीला जिथे डाग दिलेला असतो तिथे. घाम आणि दमट हवा यांमुळे त्या जागी तांब्याला हिरवी कीड धरते. तिथेच भिंगाखाली पाहून नवा जोड देता आला तर मूळ वेटोळे वाचते, आणि मूळ वेटोळे वाचवणे हीच सर्वांत चांगली दुरुस्ती असे माझे ठाम मत आहे. ते वाचणारच नसेल तर उलगडताना वेढे मोजा, वेढ्यांची दिशा लिहून ठेवा आणि होकायंत्राने चुंबकाची वरची बाजू उत्तर की दक्षिण हे नोंदवा. वाद्याला तारांच्या दोन स्वतंत्र माना (नेक) व दोन पिकअप असतील तर दिशा किंवा ध्रुव उलटल्याने दोन्ही एकत्र चालू केल्यावर आवाज पोकळ होऊ शकतो.

मोटरच्या कामातल्या दोन सवयी इथे सोडाव्या लागतील. पहिली ताणाची. ही तार सत्तर-ऐंशी ग्रॅम वजनाच्या ओढीने तुटते आणि त्याच्या आधीच लांबून बारीक होते. लांबलेल्या तारेचा रोध वाढतो व मल्टिमीटर पाहून वेढे पुरेसे झाल्याचा चुकीचा समज होतो. म्हणून वीस-पंचवीस ग्रॅमच्या पुढे ताण जाऊ देऊ नये, यंत्राचा वेग हळूहळू वाढवावा आणि वेढ्यांची मोजणी यंत्राच्या काउंटरवरच ठेवावी. दुसरी सवय व्हार्निशमध्ये बुडवून भट्टीत भाजण्याची. त्या उष्णतेत प्लास्टिकचे बॉबिन वाकेल, वेढ्यांमधल्या हवेची जागा व्हार्निशने घेतल्यामुळे वेटोळ्याची स्वतःची धारिता (कपॅसिटन्स) वाढेल आणि पुढे कधी दुरुस्ती करायची झाली तर ते वेटोळे कुणालाही उलगडता येणार नाही.

प्रश्न : माझ्या पिकअपचा रोध डिसेंबरमध्ये १८.० किलोओहम होता, मे महिन्यात तोच १९.५ भरला. वेटोळे खराब होत चालले आहे का? (वाचक, नागपूर)

नाही. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसमागे सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. २० अंशांना १८ किलोओहम असलेले वेटोळे ४२ अंशांना साडेएकोणीसच्या आसपासच भरायला हवे, आणि ते तसेच भरले आहे. वेढे आतल्या आत एकमेकांना चिकटले असते तर रोध घटला असता आणि तार तुटली असती तर मल्टिमीटरने अनंत दाखवले असते. दोन पिकअपांची तुलना करताना ते एकाच खोलीत काही तास ठेवून मगच मोजावेत, आणि मोजताना वेटोळ्याला हाताची ऊब लागू देऊ नये.

प्रश्न : मी व्यवसायाने इंजिनिअर असून हौसेने पेडल स्टीलचे पिकअप घडवतो. एकाच आकाराच्या बॉबिनवर मी १५, १७.५, १९ आणि २१ किलोओहमचे चार पिकअप गुंडाळले. काहींसाठी ४२ आणि काहींसाठी ४४ अमेरिकन गेजची तार वापरली. आवाजाचा क्रम रोधाच्या क्रमाशी जुळत नाही. शिवाय व्हॉल्यूम पेडल जोडले की सगळेच मंद वाटतात. मला एमन्स या कंपनीच्या जुन्या पेडल स्टीलसारखा आवाज हवा आहे. पुढे कसे जावे? (वाचक, डॅलस, टेक्सास)

तुमच्या पत्रात अडचणीचे मूळ तुम्हीच लिहिले आहे : चार पिकअपांमध्ये दोन जातींची तार. रोध हा तारेच्या लांबीचा आणि जाडीचा हिशेब आहे, आवाजाचा नव्हे. एका वेढ्याची सरासरी लांबी २१ सेंटीमीटर धरून ढोबळ गणित मांडा. १८ किलोओहम गाठण्यासाठी ४२ गेजच्या तारेचे सुमारे १५,७०० वेढे लागतात, ४४ गेजचे मात्र ९,९०० वेढेच पुरतात. वेटोळ्याचा प्रवर्तकत्व (इंडक्टन्स) हा गुण वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे मल्टिमीटरवर तोच आकडा दाखवणाऱ्या या दोन पिकअपांच्या प्रवर्तकत्वात जवळजवळ अडीचपट अंतर पडू शकते. आवाजाचा क्रम रोधाच्या क्रमाशी जुळावा ही अपेक्षाच मुळात सोडून द्यावी लागेल. प्रवर्तकत्व मोजणारा एलसीआर मीटर मिळवा आणि त्याचा हेन्री या एककातला आकडा नोंदवायला लागा.

त्या आकड्याचा कानाशी संबंध असा आहे. वेटोळ्याचे प्रवर्तकत्व आणि त्याला जोडलेली धारिता मिळून एका विशिष्ट वारंवारतेवर अनुनाद होतो. तिच्या आसपासचा आवाज उठून येतो व त्याच्या वरचा झपाट्याने गळतो. समजा प्रवर्तकत्व ६ हेन्री आहे आणि वेटोळ्याची स्वतःची व केबलची मिळून धारिता ५०० पिकोफॅरड आहे. अनुनाद २,९०० हर्ट्झच्या आसपास येईल. केबल लांब करून धारिता ९०० पिकोफॅरड केली तर तोच पिकअप सुमारे २,१७० हर्ट्झवर उतरेल. गिटारच्या केबलची धारिता दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरता येते, म्हणजे चार मीटर केबल वाढवल्याने हा बदल घडला. तुम्ही वेढे हजाराने कमी-जास्त करून जे शोधत आहात, त्याहून मोठा फरक कदाचित जमिनीवर पडलेल्या केबलमध्ये आहे.

आता व्हॉल्यूम पेडल. या वाद्यासाठी प्रचलित असलेल्या साध्या पेडलमध्ये ५०० किलोओहमचा पॉट (बदलता रोधक) असतो. विद्युतदृष्ट्या तो निम्म्यावर असताना पुढच्या केबलला दिसणारा स्रोताचा रोध सुमारे १२५ किलोओहम होतो. त्या पुढे ॲम्प्लिफायरपर्यंत पाच मीटर केबल असेल, तर सुमारे २,५५० हर्ट्झच्या वरचा आवाज उतरणीला लागतो. वादक बहुतांश वेळ याच अर्धवट उघडलेल्या स्थितीत वाजवतो, हे पहिल्या उत्तरात आलेच आहे. तेव्हा थेट ॲम्प्लिफायरला जोडून घेतलेला निर्णय या वाद्यासाठी निरुपयोगी आहे. पिकअप पारखताना तुमचे रोजचे पेडल, रोजच्या केबल आणि रोजचा ॲम्प्लिफायर ही साखळी कायम ठेवा. मंदपणा सहन होत नसेल तर पेडलनंतरची केबल शक्य तितकी आखूड करा, किंवा पिकअप आणि पेडल यांच्या मध्ये बफर (पिकअपवरचा भार कमी करणारे छोटे मंडल) बसवून पेडलमध्ये २५ ते ५० किलोओहमचा पॉट घाला. नुसता बफर पेडलच्या आधी बसवून ५०० किलोओहमचाच पॉट ठेवला तर पिकअपवरचा भार कमी होईल, परंतु पेडलच्या पुढे होणारी गळती तशीच राहील. अनेकजण इथेच फसतात आणि बफरला दोष देतात.

एवढे पक्के केल्यावर खऱ्या सुधारणेला हात घाला आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तार एकच ठेवून वेढे बदलायचे असतील तर दहा टक्क्यांच्या पावलांनी बदला. त्याहून लहान पाऊल कानाला खात्रीने सांगता येत नाही. चुंबक बदलायचे ठरवाल तेव्हा लक्षात घ्या की अल्निको या चुंबकीय मिश्रधातूचे खांब वेटोळ्याच्या पोटात असतात आणि ते चुंबक तर असतातच, शिवाय गाभ्याचेही काम करतात. सिरॅमिक चुंबक बहुधा खाली ठेवून वर पोलादी खांब किंवा पट्टी देतात. त्या पोलादामुळे प्रवर्तकत्व वाढते आणि त्यात फिरणाऱ्या आवर्त प्रवाहांमुळे अनुनादाचे शिखर बोथट होते. त्यामुळे ‘अल्निको उबदार, सिरॅमिक कर्कश’ असे जे सांगितले जाते त्यातला बराचसा भाग चुंबकाचा नसून गाभ्याचा असतो. ॲल्युमिनियमचे झाकण घातल्यानेही असाच परिणाम होतो, म्हणून झाकण घालून वापरणार असाल तर पारखही झाकण घालूनच करा.

उंचीकडे तुम्ही पत्रात लक्ष दिलेले दिसत नाही. तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या माथ्यापर्यंत सुमारे तीन मिलिमीटर अंतर ठेवून सुरुवात करावी. जवळ आणले की आवाज वाढतो आणि तो वाढलेला आवाज पहिल्या ऐकण्यात नेहमी अधिक चांगला वाटतो. पण जोरकस चुंबक बारीक तारेला ओढून धरतो, तिची आस कमी होते आणि वरच्या पट्टीत सूर डगमगल्यासारखा येतो. तिसरी तार म्हणजे ई-नाइनमधला वरचा जी-शार्प आणि चौथी म्हणजे ई. या दोन तारा बाराव्या खुणेच्या (फ्रेटच्या खुणेच्या) वर बार ठेवून छेडा आणि सूर पूर्ण विझेपर्यंत ऐका. डगमग ऐकू आली तर पिकअप खाली उतरवा आणि कमी झालेला आवाज ॲम्प्लिफायरवर भरून काढा.

बार वर सरकतो तसा पिकअपही जणू जागा बदलतो, ही या वाद्याची गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. तारेची मोकळी लांबी २४ इंच आणि पिकअपचा मध्य ब्रिजपासून १.२ इंचावर धरा. मोकळ्या तारेत तो विसाव्या हिश्श्यावर आहे. बार बाराव्या खुणेवर आणला की बोलणारी तार १२ इंचांची उरते आणि तोच पिकअप दहाव्या हिश्श्यावर येतो. चोविसाव्या खुणेवर तो पाचव्या हिश्श्यावर पोचतो. मूळ सुरासोबत उमटणाऱ्या ज्या उपस्वराचा स्थिरबिंदू, म्हणजे तार न हलणारी जागा, पिकअपखाली येतो तो उपस्वर पिकअपला ऐकूच येत नाही : आधी विसावा, मग दहावा, मग पाचवा. म्हणून वर जाताना आवाजाची जडणघडण सतत बदलत राहते. खालच्या पट्टीत मोहक वाटणारा पिकअप वर गेल्यावर पातळ पडतो तो यामुळेही. प्रत्येक नमुन्याची चाचणी तिसऱ्या, दहाव्या आणि सतराव्या खुणेवर एकच वाक्य वाजवून घ्या, आणि तिन्ही ठिकाणी समाधान देणाऱ्या नमुन्यालाच पुढे न्या, मग तो एखाद्या ठिकाणी सर्वोत्तम नसला तरी चालेल.

तारांमधला समतोल हाही वेगळा अभ्यास आहे. साध्या पोलादी तारेत सगळे पोलाद पिकअपला दिसते, गुंडाळलेल्या तारेत मुख्यतः आतला गाभा दिसतो, त्यामुळे सातव्या तारेपेक्षा सहावी साधी तार अनेकदा पुढे येते. सुटे खांब असतील तर तेवढाच एक खांब किंचित खाली घेता येतो, पट्टी असेल तर पिकअपचा एक कोपरा उतरवून मध्यम मार्ग काढावा लागतो. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढताना एक हलका हात फिरवतात, तार ओढून ऐकतात आणि मगच पुढचा हात फिरवतात. इथेही तसाच धीर लागतो, कारण जास्त घासले गेलेले परत भरता येत नाही.

ऐकण्याची पद्धत तर मापनाइतकीच कठोर हवी. प्रत्येक नमुना त्याच वाद्यावर, त्याच जातीच्या तारांचा संच साधारण सारखाच जुना असताना ध्वनिमुद्रित करा. मग सर्व मुद्रणांची पातळी सारखी करून घ्या आणि कोणता नमुना कोणता हे दुसऱ्या कुणाकडून झाकून घेऊन दोन वेगळ्या दिवशी ऐका. दोन्ही दिवशी एकच निवड झाली तरच ती निवड समजावी.

राहिले एमन्स. बडी एमन्स आणि शॉट जॅक्सन यांनी पन्नाशीच्या दशकात नॅशव्हिलमध्ये शो-बड वाद्ये घडवली आणि एमन्स यांच्या नावाची स्वतंत्र कंपनी १९६३ साली सुरू झाली. तिच्या जुन्या वाद्यांतला एकेरी वेटोळ्याचा पिकअप उत्तम आहेच, पण त्या आवाजाचे श्रेय फक्त त्याला देणे मला पटत नाही. त्या वाद्यांच्या पुश-पुल रचनेत तार ब्रिजपाशी ज्या धातूच्या फिरत्या बोटावरून जाते ते बोट विसाव्याच्या स्थितीत वाद्याच्या अंगाला घट्ट टेकलेले असते व कंपन खोडापर्यंत पोचते. तुमच्या वाद्याची रचना वेगळी असेल तर हुबेहूब तसा पिकअप घडवूनही तो आवाज पूर्णपणे येणार नाही. तुमच्या वाद्याला शोभणारा पिकअप शोधणे हेच काम अधिक फळाला येईल असे मी कळकळीने सुचवतो.

प्रश्न : मंडपात वाजवताना माझ्या स्टील गिटारमधून सतत गुणगुण येते. ध्वनिव्यवस्थेवाल्याने ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला दिला. तसे करावे का? (वाचक, पुणे)

कोणत्याही परिस्थितीत करू नये. तुमचा हात पोलादी बारवर, बार तारांवर आणि तारा बहुधा ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. ॲम्प्लिफायरमध्ये बिघाड झाला तर ती तिसरी पिनच तुमचा जीव वाचवते. मंडपाच्या तात्पुरत्या वीजजोडणीत तर अधिक सावध राहावे, आणि वाजवण्यापूर्वी अर्थिंग तपासून घेण्याचा आग्रह संकोच न करता धरावा.

गुणगुण दोन प्रकारची असते आणि तिचे उपायही वेगळे आहेत. ट्रान्सफॉर्मर आणि जाड वीजतारा यांच्याभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ५० हर्ट्झची व तिच्या पटींतली खर्जातली गुणगुण येते. तिच्यावर तांब्याच्या पत्र्याचे आवरण चालत नाही. पिकअपची दिशा बदलली, म्हणजे वाद्य थोडे फिरवून बसलात, तर ती पुष्कळ कमी होते. दिव्यांचे डिमर आणि स्वस्त एलईडीचे पुरवठे यांच्यामुळे जी चरचर येते तिला मात्र वेटोळ्याभोवती अर्थ केलेले तांब्याच्या पट्टीचे आवरण रोखते. ती पट्टी वेटोळ्याभोवती गुंडाळताना तिची दोन टोके एकमेकांना जोडू नयेत, नाहीतर तो एक बंद वेढा होऊन वरचा आवाज खाऊन टाकतो.

कायमचा उपाय म्हणजे दुहेरी वेटोळ्याचा पिकअप. सेथ लव्हर यांनी गिब्सन कंपनीसाठी १९५५ च्या सुमारास सिद्ध केलेल्या रचनेत दोन वेटोळी एकमेकांच्या उलट गुंडाळलेली असतात आणि त्यांचे चुंबकही उलट ध्रुवाचे असतात. तारेचा संकेत बेरजेत येतो, बाहेरची गुणगुण वजाबाकीत जाते. पेडल स्टीलसाठी बिल लॉरेन्स यांनी बनवलेले पिकअप याच कारणाने वादकांनी आपलेसे केले. पहिल्या पाच तारांसाठी एक आणि उरलेल्या पाचांसाठी दुसरे असे वेटोळे विभागूनही तेच साधता येते व तिथे प्रत्येक तारेला एकेरी वेटोळ्याचा मोकळेपणा मिळतो. माझ्या मते सभागृहात वाजवणाऱ्याने ही विभागलेली रचना एकदा तरी करून पाहावी.

प्रश्न : आमच्या घरी सतारी आणि तंबोरे बनतात. असा जोरदार पिकअप तंबोऱ्याखाली बसवला तर मैफलीत मायक्रोफोनची गरज राहणार नाही, असे एका गिऱ्हाइकाचे म्हणणे आहे. (वाचक, मिरज)

चुंबकीय पिकअपला फक्त चुंबकाला चिकटणाऱ्या धातूची तार ऐकू येते. तंबोऱ्याच्या जोडाच्या पोलादी तारा तो पकडेल, पण पितळी खर्ज त्याच्या लेखी जवळजवळ नसल्यासारखाच राहील, म्हणजे तंबोऱ्याचा पायाच हरवेल. सतारीतही पितळी किंवा ब्राँझच्या तारांची हीच गत होते. शिवाय जवारीचा जो नाद घोडीच्या रुंद माथ्यावर तार घासत-सुटत निर्माण होतो, तो तारेबरोबरच तबलीतून आणि भोपळ्यातून हवेत उतरतो, आणि हवेत उतरलेला तो नाद वेटोळ्यापर्यंत पोचत नाही.

गिऱ्हाइकाला वाद्यावरच काही बसवून हवे असेल तर तबलीला घोडीच्या जवळ चिकटवायचा पिझो संवेदक, म्हणजे लाकडाचे कंपन थेट विजेच्या संकेतात बदलणारी चकती, योग्य ठरेल. तो धातूच्या जातीवर अवलंबून नसतो. त्याला साध्या मायक्रोफोनच्या प्रवेशात जोडू नका. अनेक मेगाओहम प्रवेशरोध असलेला प्रीॲम्प्लिफायर मध्ये द्या, नाहीतर खर्ज गळून नुसता किणकिणाट उरेल. चिकटवण्याची जागा ठरवण्याआधी तो मेणाने तात्पुरता लावून तीन-चार ठिकाणी ऐकून पाहा. घोडीच्या खर्जाकडच्या पायाजवळून सुरुवात करा आणि लाखेला किंवा पॉलिशला धक्का न लागता तो पुन्हा काढता येईल, असाच चिकटपदार्थ निवडा.